चौथ्या टर्नपासून उलटी मोजणी: मॅजिकची साठ पत्त्यांची डेक कशी बांधावी, कशी घासावी

मॅजिक हा पत्त्यांचा खेळ; समोरच्याची लाइफ शून्यावर आणली की जिंकलो. समोरच्याची लाइफ 20. लाइटनिंग बोल्ट हा पत्ता एका लाल मानात 3 डॅमेज करतो, म्हणजे लाइफ 3 ने कमी करतो. माना ही पत्ते टाकण्याची किंमत, आणि तो लँड नावाचे पत्ते देतात. वीसला तिनाने भागलं की सात पत्ते लागतात. जो आधी खेळतो त्याला चौथ्या टर्नपर्यंत दहा पत्ते दिसतात: सुरुवातीचे सात, आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या टर्नचा एकेक. पहिल्या टर्नला त्याला ड्रॉ, म्हणजे नवा पत्ता, नसतो. या दहांतले सात मारणारे हवेत, म्हणजे उरले तीन लँड. दहात तीन, तर साठात अठरा.

'मॅजिक: द गॅदरिंग'मधली लाल बर्न डेक, म्हणजे थेट डॅमेज करून जिंकणारी डेक, साधारण अठरा लँडवर का उभी असते, ते एवढ्यात कळतं. स्पर्धेची कुठलीही डेक अशीच शेवटाकडून बांधायची असते. आपण कितव्या टर्नला जिंकणार हे आधी ठरवायचं आणि तिथून मागे मोजत यायचं. आधी आवडते पत्ते गोळा करून मग त्यांतून जिंकायची वाट शोधली, तर प्रत्येक पत्ता एकेकटा चांगला असूनही डेक हरते. त्यांतले निम्मे तिसऱ्या टर्नसाठी असतात, निम्मे आठव्यासाठी, आणि हातात नेहमी चुकीचे निम्मे येतात.

फॉरमॅट आधी

ठाणे-नवी मुंबईत नव्याने स्पर्धेकडे वळणाऱ्यांनी पॉपर या फॉरमॅटपासून (फॉरमॅट म्हणजे कुठले पत्ते चालतील याची चौकट) सुरुवात करावी असं आमचं ठाम मत आहे. पॉपरमध्ये फक्त कॉमन दर्जाचे पत्ते चालतात. एखादा पत्ता कुठल्याही एका छपाईत कॉमन म्हणून आला असेल तरी पुरतं. कागदावरच्या आणि ऑनलाइन खेळासाठी एकच अधिकृत यादी 2019 पासून आहे, आणि बंदी घालण्याचं काम 2022 पासून पॉपर फॉरमॅट पॅनेल पाहतं. कॉमन असल्यामुळे पत्ते स्वस्त पडतात. परदेशातून मागवताना कुरिअर आणि कस्टमचा खर्च पत्त्यांच्या किमतीवर जातो, तेव्हा ग्रुपमधल्या चार-पाच जणांनी एकत्र मागवावं. स्टँडर्ड या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये जुने सेट, म्हणजे पत्त्यांचे संच, ठरावीक काळाने बाद होतात. पॉपरमध्ये आज बांधलेली डेक, बंदी आली नाही तर, वर्षानुवर्षं टिकते. बंदीची यादी मात्र पत्ते विकत घेण्याआधी आणि स्पर्धेच्या आठवड्यात अशी दोनदा पाहायची.

नियम थोडक्यात: मुख्य डेक किमान 60, साइडबोर्ड (दोन गेमांच्या मध्ये अदलाबदलीसाठी बाजूला ठेवलेले पत्ते) जास्तीत जास्त 15, बेसिक लँड (माउंटनसारख्या साध्या लँड) सोडून एका नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते, दोन्ही मिळून. 60 ही किमान मर्यादा असली तरी स्पर्धेत तीच कमाल माना. 61 वा पत्ता टाकला की आपल्या सर्वांत चांगल्या पत्त्याची भेट थोडी लांबते. "एक काढवत नाही म्हणून एकसष्ट" असं वाटत असेल, तर कुठला पत्ता सर्वांत कमी कामाचा हे अजून ठरलेलं नाही. ते ठरवणं हेच तर खरं काम आहे.

पहिला आराखडा

पुढे सगळीकडे हीच डेक उदाहरण म्हणून घेतली आहे, कारण तिच्यात हिशेब उघडा दिसतो.

माउंटन 18
गितू लाव्हारनर 4
थर्मो-अल्केमिस्ट 4
केल्डन मरॉडर्स 4
लाइटनिंग बोल्ट 4
चेन लाइटनिंग 4
लाव्हा स्पाइक 4
रिफ्ट बोल्ट 4
स्क्यूअर द क्रिटिक्स 4
कर्स ऑफ द पिअर्स्ड हार्ट 4
फायरब्लास्ट 3
नीडल ड्रॉप 3

यादी लिहिली की प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: हा पत्ता कितव्या टर्नला टाकायचा, त्यातून किती डॅमेज निघतं, आणि तो वाया केव्हा जातो. हे तिसरं कोणी लिहीत नाही, आणि डेक सुधारताना सगळ्यात जास्त तेच लागतं.

केल्डन मरॉडर्स घ्या. दोन मानाचा 3/3 क्रीचर, म्हणजे हल्ला करणारा पत्ता; पहिला आकडा त्याचा मार, दुसरा त्याची सहनशक्ती. येताना 1 डॅमेज, जाताना 1, आणि व्हॅनिशिंग या गुणामुळे तो दोन अपकीपनंतर (अपकीप म्हणजे टर्नच्या सुरुवातीचा टप्पा) आपोआप जातोच. दुसऱ्या टर्नला टाकला, तिसऱ्याला एकदा हल्ला केला, तर एकूण 5. समोरच्याने अडवला तर 2. म्हणजे दोन मानात 2 ते 5. समोर दुसऱ्या टर्नपर्यंत क्रीचर येत नसेल तर हा पत्ता बोल्टपेक्षा भारी; छोट्या क्रीचरची गर्दी करणाऱ्या डेकसमोर तो पहिला बाहेर काढायचा.

थर्मो-अल्केमिस्ट 0/3 आहे, टॅप करून (आडवा करून) 1 डॅमेज देतो आणि आपण इन्स्टंट (कोणाच्याही टर्नला चालणारी) किंवा सॉर्सरी (फक्त आपल्या टर्नला चालणारी) टाकली की अनटॅप, म्हणजे पुन्हा उभा, होतो. इथे नवे खेळाडू दर गेमला दोन-तीन डॅमेज सोडून देतात: स्पेल (लँड सोडून टाकायचा पत्ता) आधी टाकतात, टॅप नंतर. क्रम उलटा हवा. आधी टॅप, मग स्पेल, तो अनटॅप झाला की पुन्हा टॅप. कर्स किंवा क्रीचर टाकून तो अनटॅप होत नाही. सस्पेंड केलेला (एका मानात बाजूला ठेवून पुढच्या टर्नला सुटणारा) रिफ्ट बोल्ट अपकीपला सुटतो तेव्हा तो 'टाकला' असंच धरतात, म्हणून तेव्हाही अनटॅप होतो. समोरच्याच्या टर्नला इन्स्टंट टाकायची असेल तर त्याच्या टर्नमध्येही हाच क्रम.

स्क्यूअरची खरी किंमत तीन माना. समोरच्याची लाइफ त्याच टर्नला आधी कमी झाली असेल तरच तो एका मानात येतो. म्हणून त्याच्याआधी काहीतरी लागलं पाहिजे: अल्केमिस्टचा एक, किंवा पहिल्या टर्नला सस्पेंड केलेला आणि दुसऱ्या टर्नच्या अपकीपला सुटलेला रिफ्ट बोल्ट. कर्स इथे उपयोगाचा नाही, कारण त्याचं डॅमेज समोरच्याच्या अपकीपला होतं, आपल्या टर्नला नाही. कागदावर दोन्ही पत्ते "बर्नचेच" दिसतात, पण एकमेकांना हात देत नाहीत. डेक घासताना कर्सवर पहिला प्रश्न येतो तो यामुळेच.

फायरब्लास्ट चारऐवजी तीन का? दोन माउंटन बळी देऊन फुकटात 4 डॅमेज, हा शेवटचा घाव. दोन हातात आले तर चार माउंटन लागतात, आणि आपण तर तीन लँडवर जिंकायचं म्हणतोय. पहिल्या सातांत तो नकोच असतो. आठव्या-दहाव्या पत्त्याला हवा असतो. लँडवर माउंटन हा प्रकार लिहिलेला नसेल तर ती बळी देता येत नाही, म्हणून "एखादी उपयोगी लँड घालू या" असं वाटलं की आधी फायरब्लास्टकडे पाहायचं.

किती प्रती

चार, तीन, दोन, एक हे आकडे आवडीचे नसतात. 60 पत्त्यांत चार प्रती असल्या तर पहिल्या सातांत निदान एक येण्याची शक्यता 40 टक्के. तीन असल्या तर 31.5, दोन असल्या तर 22, एकच असेल तर सुमारे 12. चौथ्या टर्नपर्यंत, म्हणजे दहा पत्त्यांत, हेच आकडे 53, 43, 31 आणि 17 होतात.

यावरून ठरवायचं. पहिल्या दोन टर्नलाच हवा आणि दुसरा आला तरी चालतो, तर चार. हवा पण हातात जोडीने नको, तर तीन. लांब चालणाऱ्या गेममध्ये एकदाच लागतो, तर दोन. एकच प्रत दोन परिस्थितींत योग्य: डेकमध्ये शोधून काढणारे पत्ते आहेत, किंवा चार प्रती पुरल्या नाहीत म्हणून त्याच कामाचा पाचवा पत्ता दुसऱ्या नावाने घातला आहे. बाकी सगळे एकेकटे पत्ते म्हणजे न घेतलेले निर्णय. एखाद्याच्या यादीत सात-आठ पत्ते एकेकच दिसले, तर त्याला विचारा की या डेकचा बेत काय आहे. बहुतेक वेळा उत्तर लांबतं.

लँड

18 लँड असताना पहिल्या सातांत शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता 31 टक्के. दोन ते चार येण्याची 66. हेच 20 लँडवर अनुक्रमे 25 आणि 72, आणि 24 लँडवर 14 आणि 77. 24 वर पाच किंवा अधिक येण्याची शक्यता 8 टक्क्यांवर जाते. 18 वर ती 2 टक्के.

मग सगळ्यांनी 24 का ठेवू नयेत? बर्नमध्ये चौथी लँड म्हणजे हातातला एक बोल्ट कमी. आपले बहुतेक स्पेल एका मानाचे आहेत. तीन लँडवर चार टर्नमध्ये 1+2+3+3 असा नऊ माना मिळतो आणि सात स्पेलना तो पुरतो. काउंटरस्पेलवर (समोरच्याचा स्पेल रद्द, म्हणजे काउंटर, करणाऱ्या पत्त्यांवर) चालणाऱ्या निळ्या डेकला दर टर्नला लँड टाकायची असते, तिचं गणित वेगळं. थोडक्यात, डेकमधला सर्वांत महागडा पत्ता नव्हे, तर ज्या टर्नला आपण जिंकतो त्या टर्नचा माना पाहून लँड मोजा.

दोन रंगांची डेक करायची तर मोह आवरा. पहिल्या टर्नला लाल पत्ता टाकायचा असेल आणि लाल माना देणाऱ्या लँड नऊच असतील, तर सातांत निदान एक असण्याची शक्यता 70 टक्के. चौदा असतील तर 86. म्हणजे पहिल्या टर्नच्या रंगासाठी निदान चौदा लँड हव्यात, आणि दुसरा रंग टर्न तीननंतरच्या कामासाठीच ठेवायचा. नऊ-नऊ अशी वाटणी न्याय्य दिसते, पण दोन्ही रंग अडकतात. पॉपरमधल्या दोन रंग देणाऱ्या बऱ्याच लँड टॅप होऊन येतात, म्हणजे त्या टर्नला माना देत नाहीत. अशा चारपेक्षा जास्त घातल्या तर पहिल्या तीन टर्नमध्ये एक टर्न वाया गेलाच असं धरून चला. चौथ्या टर्नला जिंकणाऱ्या डेकसाठी ही किंमत फार आहे.

एकट्याने, समोर कोणी नसताना

पत्ते विकत घेण्याआधी झेरॉक्स. मॅजिकचा पत्ता 63 बाय 88 मिलिमीटर. ए-फोरवर तीन बाय तीन असे नऊ बसतात. 75 पत्त्यांना नऊ पानं लागतात. नौपाड्यात किंवा वाशीत कुठल्याही झेरॉक्सवाल्याला 'शंभर टक्के' साइजवर काढायला सांगा. 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला तर पत्ते दोन-तीन मिलिमीटर लहान येतात आणि स्लीव्हमध्ये (पत्त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात) हलतात. कापून खऱ्या, जुन्या पत्त्याच्या पुढे ठेवून स्लीव्हमध्ये घाला, म्हणजे जाडी सारखी राहते. हे फक्त सरावासाठी. अधिकृत स्पर्धेत झेरॉक्स चालत नाही.

आता वीस गेम एकट्याने खेळा. समोरचा काहीच करत नाही असं धरायचं, आणि 20 डॅमेज कितव्या टर्नला झालं ते लिहायचं. दहा गेम आधी खेळणारा म्हणून, दहा नंतर खेळणारा म्हणून. सरासरी पाचाच्या वर गेली तर डेक कुठेतरी जड झाली आहे. सरासरीइतकंच तिचं पसरणं पाहा: चार, चार, पाच, चार, आठ, चार असं आलं, तर त्या आठवर थांबा आणि त्या हातात काय होतं ते लिहा. तीन फायरब्लास्ट? एकच लँड? तीन कर्स? अशा पाच वाईट गेमांत एकच नाव तीनदा आलं, तर पहिला संशय त्यावर.

पत्ते पिसण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. लँड आणि स्पेल एकाआड एक लावून मग दोनदा पिसणारे खूप आहेत. नीट पिसलं तर आधी लावलेल्याला अर्थ नाही. नीट पिसलं नाही तर ती फसवणूक आहे. दोन्ही बाजूंनी निरर्थक. 52 पत्त्यांसाठी सात वेळा रिफल (गठ्ठ्याचे दोन भाग करून एकमेकांत मिसळणं) पुरतं हे बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवलं. 60 ला आठ धरा. सरावात कच्चं पिसलं तर आकडेही कच्चेच निघतात.

ठेवायचा की टाकायचा

मलिगन, म्हणजे न पटलेला सुरुवातीचा हात टाकून नवा घेणं, हा डेक बांधण्याचा भाग आहे, नंतरचं काम नव्हे. आताच्या नियमात दर वेळी पूर्ण सात पत्ते घ्यायचे आणि जितक्यांदा मलिगन केलं तितके डेकच्या तळाशी ठेवायचे. त्यामुळे सहा पत्त्यांचा हात पूर्वीइतका वाईट राहिलेला नाही, कारण सातांतून निवडलेले सहा मिळतात.

बर्नसाठी कसोटी सोपी: या सात पत्त्यांत तिसऱ्या टर्नच्या शेवटी समोरच्याला निदान 9 डॅमेज दिसतं का? एक लँड आणि सहा स्वस्त स्पेल, नंतर खेळताना: बहुतेक वेळा ठेवा. तोच हात, आधी खेळताना: टाका. पाच लँड, एक बोल्ट, एक फायरब्लास्ट: टाका, मनाला कितीही लागलं तरी. दोन फायरब्लास्ट, दोन लँड, तीन कर्स: हा हात "पत्ते सगळे चांगले" म्हणून ठेवला जातो आणि हरतो.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला जाताना हा सराव फार चांगला होतो. डेक नोंदवण्याच्या बहुतेक संकेतस्थळांवर नमुना हात दाखवण्याची सोय असते. गेम खेळायचा नाही. फक्त हात पाहायचा, ठेवायचा की टाकायचा हे दहा सेकंदांत ठरवायचं, आणि पुढचे तीन ड्रॉ पाहून निर्णय बरोबर होता का ते तपासायचं. ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत वीस हात सहज होतात. आठवडाभर जाता-येता केलं की स्पर्धेच्या दिवशी मलिगनवर डोकं खर्च होत नाही.

समोर माणूस असताना

चार-पाच जणांचा ग्रुप लागतो. कोणी कोपरीत, कोणी घोडबंदरला, कोणी नेरुळ-सीवुड्सला असेल तर रविवारी मधल्या कोणाकडे तरी जमायचं. अट एकच: प्रत्येकाने आपली डेक आणि शिवाय मेटातली (स्पर्धांमध्ये नेहमी दिसणारी) एक डेक चालवायला शिकायची. पॉपरमध्ये आर्टिफॅक्टवर (वस्तू-यंत्रांच्या पत्त्यांवर) चालणारी अॅफिनिटी, टोलारियन टेररच्या निळ्या डेक, छोट्या क्रीचरच्या झुंडी, आणि आपल्यासारखीच लाल डेक एवढ्यांचा सराव केला तरी पाया पक्का होतो. मित्राची घरगुती डेक हरवून काही कळत नाही.

आणि दहा गेमांवर निकाल लावू नका. अगदी बरोबरीच्या डेकसुद्धा दहापैकी सात किंवा अधिक गेम 17 टक्के वेळा निव्वळ योगायोगाने जिंकतात. म्हणून "सात-तीन झालं, मॅचअप (या दोन डेकची गाठ) चांगली आहे" हे म्हणायला दहा गेम कमी पडतात. शंभर गेम कोणाला जमत नाहीत, हेही खरं. त्यावर उपाय म्हणजे निकालाऐवजी कारणं मोजणं. वहीत प्रत्येक गेमला एकच ओळ:

कोणासमोर, आधी की नंतर, ठेवलेला हात, शेवटी हातात पडून राहिलेले पत्ते, आणि "कुठल्या पत्त्याऐवजी दुसरा काही असता तर गेम बदलला असता".

वीस गेमांनंतर जिंकल्या-हरल्याचा आकडा अजून धूसर असतो, पण "हातात पडून राहिलेले" या रकान्यात कर्सचं नाव नऊदा आलेलं स्पष्ट दिसतं. एक सावधगिरी: हरलेल्या गेममध्ये हातात राहिलेला पत्ता आणि जिंकलेल्या गेममध्ये राहिलेला, दोन्ही लिहा. फक्त हरण्याकडे पाहिलं की फायरब्लास्टसारखे पत्ते विनाकारण बदनाम होतात.

निळ्या डेकसमोर फायरब्लास्ट उगीच टाकू नका. माउंटन बळी देणं ही किंमत आहे. स्पेल काउंटर झाला तरी त्या परत येत नाहीत. समोरच्याने माना संपवला की मगच.

हिरव्या डेकसमोर आणखी एक सापळा असतो: वेदर द स्टॉर्म. दोन मानाची इन्स्टंट, 3 लाइफ, आणि त्या टर्नला तिच्याआधी जितके स्पेल टाकले गेले तितक्या तिच्या प्रती. आपण एका टर्नला तीन बोल्ट मारले आणि हिरव्या डेकने याने उत्तर दिलं तर तिला 12 लाइफ मिळतात. आपले तीन पत्ते गेले आणि ती पुढेच निघाली. तिच्याकडे हिरव्यासह दोन माना मोकळा असेल तर एका टर्नला एकच स्पेल. मग तिला 6 वरच थांबावं लागतं. शेवटचा घाव तिने माना वापरल्यावर.

साइडबोर्ड

सर्वांत जास्त सराव इथे कमी पडतो, आणि कारण साधं आहे. तीनपैकी दोन गेम जिंकायची मॅच असते. पहिला गेम मुख्य डेकने, उरलेले एक किंवा दोन साइडबोर्डनंतर. म्हणजे स्पर्धेतले निम्म्याहून जास्त गेम साइडबोर्डसकट होतात, आणि ग्रुपमध्ये सराव मात्र पहिल्याच गेमचा होतो. निम्मे सराव-गेम साइडबोर्ड करून खेळा, दोघांनीही.

पंधरा पत्ते निवडताना "चांगले पत्ते" शोधू नका. कागदावर चार-पाच मॅचअप लिहा आणि प्रत्येकापुढे आधी काय बाहेर काढणार ते लिहा. तीन पत्ते बाहेर जात असतील तर तीनच आत येतील. सहा आणायचे पत्ते असून उपयोग नाही. बर्नला आणखी एक बंधन आहे: आत येणाऱ्या पत्त्याने डॅमेज करावं, नाहीतर सात पत्त्यांचं गणित मोडतं. स्मॅश टू स्मिदरीन्स म्हणूनच इतका नेमका बसतो: आर्टिफॅक्ट मोडतो आणि त्याच्या मालकाला 3 डॅमेजही देतो. अॅफिनिटीसमोर चार आत, चार कर्स बाहेर. फक्त न मोडणाऱ्या आर्टिफॅक्ट लँडवर नेम धरलात तर डॅमेज होईल पण लँड राहील, एवढं लक्षात ठेवा.

निळ्यासमोर पायरोब्लास्ट: निळा स्पेल रद्द करतो किंवा टेबलावरचा निळा पत्ता मोडतो. रेड एलेमेंटल ब्लास्टही तेच काम करतो, पण फरक आहे: रेड एलेमेंटल ब्लास्टला निळंच लक्ष्य लागतं, पायरोब्लास्ट कशावरही टाकता येतो आणि ते निळं असेल तरच परिणाम होतो. म्हणजे समोर निळं काहीच नसताना तो आपल्याच माउंटनवर टाकून अल्केमिस्ट अनटॅप करता येतो. एका डॅमेजवर गेम अडलेला असताना हा फरक कामाला येतो. चार हवे असतील तर चारही पायरोब्लास्ट.

टोलारियन टेरर ग्रेव्हयार्डवर (वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगावर) स्वस्त होतो, म्हणून रेलिक ऑफ प्रोजेनिटस आणणारे बरेच. जपून. रेलिक डॅमेज करत नाही, आणि त्याची मोठी क्षमता सगळ्यांचं ग्रेव्हयार्ड साफ करते, आपलंसुद्धा; मग ग्रेव्हयार्डमुळे वाढणारा लाव्हारनर पुन्हा 1/2 होऊन बसतो. दोन रेलिक पुरतात, आणि ते आणले तर बाहेर लाव्हारनर काढायचे.

छोट्या क्रीचरच्या डेकसमोर सीअरिंग ब्लेझ चार. त्याच टर्नला आपली लँड आली असेल तर समोरच्याला 3 आणि त्याच्या क्रीचरलाही 3. आली नसेल तर एकेकच. म्हणून या मॅचअपमध्ये हातातली तिसरी लँड लगेच टाकायची नाही, ब्लेझसाठी राखायची. समोर क्रीचरच नसेल तर तो टाकताच येत नाही, त्यामुळे त्याची जागा मुख्य डेकमध्ये नव्हे. चार स्मॅश, चार पायरोब्लास्ट, दोन रेलिक, चार ब्लेझ: चौदा झाले. पंधरावा तुमच्या ग्रुपमध्ये आणि तुम्ही जिथे खेळता तिथे काय जास्त दिसतं त्यावर.

बदल कसा करायचा

एका वेळी एकाच कामाचे पत्ते बदला, आणि बदल दोन-दोन प्रतींनी करा. चारही कर्स काढून चार फायरब्रँड आर्चर घातले आणि सोबत एक लँडही कमी केली, तर पुढच्या वीस गेमांत काय कशामुळे झालं ते कोणाला सांगता येणार नाही. आर्चर दोन मानाचा 2/1, आपण क्रीचर नसलेला कुठलाही स्पेल टाकला की 1 डॅमेज देतो. तो आपल्या टर्नलाच लागतो, म्हणून स्क्यूअरशी जुळतो. पण एका फटक्यात मरतो, तर कर्सला हात लावणं बहुतेक डेकना जमत नाही. दोन कर्स, दोन आर्चर ठेवून वीस गेम खेळा आणि वहीतल्या शेवटच्या रकान्यात कोण जास्त वेळा येतो ते पाहा. नेटवरची जिंकलेली यादी उतरवायची असेल तर जरूर उतरवा, पण पहिले वीस गेम तिच्यात एकही पत्ता बदलू नका. जो पत्ता तुम्हाला विचित्र वाटतो, त्याच्यामागे बहुतेक वेळा तुम्ही अजून न भेटलेली एखादी मॅचअप असते. स्पर्धेच्या आधीच्या तीन दिवसांत यादीला हात लावायचा नाही.

पावसाळा, स्लीव्ह, कागद

जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या दमट हवेत फॉइल (चकाकत्या थराचे) पत्ते धनुष्यासारखे वाकतात. डेकमध्ये चारच फॉइल असतील तर पिसताना ते बोटांना कळतात, आणि स्पर्धेत त्याला खुणेचे पत्ते म्हणतात; मुद्दाम केलं नसलं तरी दंड बसू शकतो. पावसाळ्यात फॉइल घरीच ठेवा. डेक हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह. पुड्या दर महिन्याला बदलायच्या.

साठ आणि पंधरा, दोन्हींना एकाच पाकिटातल्या नव्या स्लीव्ह. शंभराचं पाकीट घ्या, म्हणजे पंचवीस सुट्या राहतात. फाटलेल्या एका स्लीव्हच्या जागी नवी घातली की ती इतरांपेक्षा चकचकीत दिसते, म्हणून बदलायच्या तर पाच-सहा एकदम, वेगवेगळ्या नावांच्या पत्त्यांच्या. प्रत्येक मॅचनंतर साइडबोर्डचे पंधरा मोजून डब्यात परत घाला, आणि पुढची फेरी सुरू होण्याआधी मुख्य डेक साठ आहे का ते टेबलावर मोजा. पहिल्या गेमला मूळ नोंदवलेलीच डेक हवी. फेरी साधारण पन्नास मिनिटांची असते. बर्नला ती पुरते, पण पिसण्यात आणि साइडबोर्ड ठरवण्यात दहा मिनिटं जात असतील तर तिसरा गेम अर्धवट राहतो. साइडबोर्डच्या आत-बाहेरची चिठ्ठी लिहून ठेवा. दोन गेमांच्या मध्ये ती पाहायला परवानगी असते, गेम चालू असताना नसते.